आमच्या नावावरचा एक फटका

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. आमच्यापैकी एक आज अमरावतीच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, दुसरा अकोल्याच्या. लेखात सर्वत्र 'आम्ही' असेच म्हटले आहे. त्यामागे प्रतिष्ठेचा हेतू नाही. ज्या कृत्याविषयी लिहायचे आहे ते नेमके कोणाच्या बोटाने घडले, यावर इतकी वर्षे उलटूनही आमचे एकमत झालेले नाही, एवढेच त्याचे कारण. मराठीला 'आम्ही' आणि 'आपण' ही दोन निराळी सर्वनामे लाभली आहेत आणि त्यांतला भेद आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. 'आपण'मध्ये ऐकणारा सामील असतो, 'आम्ही'मधून तो वगळलेला असतो. 'आम्ही'चा आणखी एक उपयोग आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. दोघांपैकी प्रत्येकाला त्याच्या आड उभे राहता येते.

गोष्ट २००८ सालच्या हिवाळ्यातली. आम्ही दोघे तेव्हा तिशीच्या अलीकडे होतो आणि अकोल्याच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. राहणे अमरावतीला, नोकरी अकोल्याला. म्हणजे रोजचे अप-डाऊन. बडनेरा ते अकोला हे अंतर सुमारे ८० किलोमीटर. पॅसेंजर असली की कुरुम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव अशी एकेक स्टेशने घेत जायची. खिडकीबाहेर कपाशी, तूर, मधूनमधून बाभळी. गाडीत रमी खेळणाऱ्यांचे कोंडाळे ठरलेले असे, भजन म्हणणाऱ्यांचे ठरलेले असे. आम्ही त्या दोन्हींपासून अंतर राखून बसत असू, कारण आम्ही साहित्याचे अभ्यासक होतो आणि आमच्या पिशवीत नेहमी एखादे पुस्तक असे. ते उघडले जाई असे मात्र नाही.

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्ही त्या वर्षी मध्ययुगीन गद्य शिकवत होतो. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते तिथे. वऱ्हाडातल्या मराठीच्या मास्तराला हा ग्रंथ शिकवताना थोडा जास्तच अभिमान वाटतो. त्या दिवशी विषय होता ग्रंथाच्या पाठपरंपरेचा. खालशाच्या धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि पुढे ती शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा उभी करण्यात आली, असे महानुभाव परंपरा सांगते. हिराइसेला ग्रंथ मुखोद्गत होता आणि तिच्या नावाचा पाठ त्यातूनच आला, असेही सांगते. लिहिलेले नष्ट होते आणि पाठ असलेले टिकते, असे एक वाक्य आम्ही बरेच रंगवून म्हणत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावर एक विद्यार्थी मान खाली घालून बसलेला दिसला. त्याचे ओठ किंचित हलत होते आणि अंगठे भराभर चालत होते.

त्याच्या हातात काळे, आडवे, चकचकीत यंत्र होते. सोनी कंपनीचे 'पीएसपी', म्हणजे खिशात मावणारे खेळयंत्र. पडद्यावर हिरवेगार मैदान, दूर एक झेंडा आणि मोठ्या डोक्याचा एक चित्रातला माणूस काठी उगारून उभा. आम्ही यंत्र काढून घेतले आणि अशा प्रसंगी मास्तर जे बोलतात तेच बोललो : वडिलांना घेऊन ये आणि मग घेऊन जा.

मुलगा मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातला. तोही आमच्याच गाडीने ये-जा करी. त्याचे वडील लगेच येऊ शकले नाहीत, कारण कपाशीची वेचणी ऐन भरात होती. यंत्र सतरा दिवस आमच्याकडे राहिले. पहिले दोन दिवस ते स्टाफरूमच्या कपाटात होते. तिसऱ्या दिवशी ते आमच्या पिशवीत आले.

त्या खेळाविषयी थोडे सांगायला हवे. १२ डिसेंबर २००४ रोजी हे यंत्र जपानमध्ये विक्रीस आले, त्याच दिवशी त्याच्याबरोबर हा खेळही आला. त्याच्या जपानी नावाचा अर्थ 'सर्वांचे गोल्फ' असा होतो, आणि मुलाकडच्या चकतीवर इंग्रजीत 'एव्हरीबडीज गोल्फ' असेच छापलेले होते. या नावातला विनोद तेव्हा आमच्या लक्षात आला नाही. ज्या खेळाला कित्येक एकर हिरवळ आणि ती जगवायला बेसुमार पाणी लागते, तो सर्वांचा होऊ शकतो तो फक्त हाताएवढ्या पडद्यावर. अमरावतीत खेळांची वाण कधीच नव्हती. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची, आणि या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. कुस्ती, मल्लखांब, कबड्डी हे खेळ आम्ही लहानपणापासून पाहिलेले. गोल्फ मात्र आम्हांला ठाऊक होते ते एका नावापुरते. आमच्यापैकी एकाचे मामा नाशिकला राहत आणि रोज सकाळी 'गोल्फ क्लबवर' फिरायला जात. त्या मैदानावर लोक धावतात, चालतात, क्रिकेटही खेळतात. गोल्फ कोणी खेळताना दिसत नाही. त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळी झाडणाऱ्या तरुणाचे नाव साहेबाच्या खेळाच्या मैदानाला मिळाले, आणि तरीही लोकांच्या तोंडी साहेबाच्याच खेळाचे नाव राहिले.

तर असा हा न पाहिलेला खेळ आम्ही गाडीत शिकलो. त्याची क्रिया साधी होती. एक कळ तीनदा दाबायची. पहिल्यांदा दाबली की पडद्यावरच्या पट्टीवर एक खूण सरकू लागते. दुसऱ्यांदा दाबली की फटक्याचा जोर ठरतो. खूण परत येताना तिसऱ्यांदा दाबायची, तो चेंडूवर काठी बसण्याचा क्षण. तो क्षण जरासा हुकला तरी चेंडू झाडीत, वाळूत किंवा तळ्यात. वारा कोणत्या बाजूचा, झेंडा उंचावर की उतारावर, चेंडू कापलेल्या गवतात की वाढलेल्या, हे सगळे आधी पाहायचे आणि मग काठी निवडायची. शेवटी सव्वाचार इंच व्यासाचा खळगा. लहानपणी गोट्यांसाठी अंगणात खणायचो तसाच, फक्त चारशे यार्डांवर.

या खेळात आम्हांला गुंतवणारी गोष्ट वेगळीच होती. इथे समोरचा भिडू आपल्याला अडवत नाही. कबड्डीत कोणीतरी पाय धरतो, बुद्धिबळात कोणीतरी प्यादे मारतो. गोल्फमध्ये जो तो आपापला चेंडू घेऊन आपापल्या वाटेने जातो. प्रत्येक होलला अपेक्षित फटक्यांची संख्या ठरलेली असते, तिला 'पार' म्हणतात. त्यापेक्षा कमी फटके लागले तर चांगले, जास्त लागले तर वाईट. जास्तीत जास्त मिळवण्याची सवय लागलेल्या आम्हा परीक्षार्थींना कमीत कमी खर्च करण्याचा हा हिशेब अपूर्व वाटला. नेट-सेटच्या परीक्षा, मुलाखती, मंजूर न होणारी पदे यांत आम्ही दोघे त्या वर्षी एकाच जागेसाठी उभे होतो आणि त्याविषयी एकमेकांशी बोलत नव्हतो. गाडीत एक होल एकाने, पुढचा दुसऱ्याने असे खेळताना मात्र बोलणे सुरू झाले. वारा डावीकडून आहे, जोर कमी कर, असे. तेवढ्यापुरती का होईना, आमची मैत्री त्या खेळाने सांभाळली. हे आम्ही स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, तर घडले म्हणून सांगतो.

अडचण एकच होती. संध्याकाळच्या गाडीत तो मुलगाही असे. म्हणून अकोल्याहून निघाल्यावर आम्ही पुस्तक उघडून बसत असू आणि मूर्तिजापूर येण्याची वाट पाहत असू. तो उतरून फलाटावरून दिसेनासा झाला की यंत्र पिशवीतून बाहेर येई, ते बडनेऱ्यापर्यंत.

पाचव्या दिवशी बॅटरी संपली. चार्जर मुलाकडे होता आणि तो मागणे शक्य नव्हते. आम्ही अमरावतीला राजकमल चौकाच्या आसपासची मोबाइलची चार दुकाने पालथी घातली आणि त्या यंत्राच्या भोकात बसेल अशा पिनेचा एक चार्जर शोधून विकत घेतला. पुढे कधी मनात, क्षणिक मोह झाला असे समर्थन उभे राहिले, की आम्हांला तो चार्जर आठवतो. दुकाने फिरून, भाव करून, पैसे अर्धे अर्धे वाटून घेऊन केलेल्या खरेदीला क्षणिक मोह म्हणता येत नाही.

यंत्रात मुलाचा जुना खेळ साठवलेला होता. त्यात बरीच मैदाने खुली झाली होती, बक्षिसात मिळालेल्या काठ्या आणि चेंडू होते, फटक्यांच्या नोंदी होत्या. आम्हांला ती मैदाने फार अवघड जात होती. म्हणून एका संध्याकाळी आम्ही खेळ पहिल्यापासून नव्याने सुरू केला. नऊ होल संपल्यावर तो साठवून ठेवावासा वाटला. जुन्या नोंदीवर नवी नोंद लिहायची का, असे यंत्राने इंग्रजीत स्वच्छ विचारले. आम्ही 'होय' म्हटले. यंत्र कोणाच्या हातात होते आणि 'हो रे, कर' असे कोण म्हणाला, यावर आमचे दोन पाठ आहेत. तिसरा साक्षीदार नाही.

वडील आले ते सतराव्या दिवशी. धोतर, पांढरी टोपी, बोटांना बोंडांचे ओरखडे. दिवसाची वेचणी सोडून आले होते. आम्ही त्यांना शिस्तीवर दहा मिनिटे ऐकवले. ते उभेच होते. बसा म्हणायचे आमच्या लक्षात आले नाही. शेवटी त्यांनी हात जोडले. "पोट्ट्याचं चुकलं, सर. पुन्हा नाई होणार." आम्ही औदार्याने यंत्र परत केले.

त्या संध्याकाळी गाडीत मुलगा आमच्यासमोर येऊन बसला. यंत्र सुरू केले, पडद्याकडे पाहिले, मग आमच्याकडे.

"सर, तुमी खेळले का याच्यावर?"

"चालू आहे की नाही, एवढं पाहिलं."

"बरं," तो म्हणाला. काटेपूर्णा गेले. मूर्तिजापूर येता येता तो उठला आणि आमची समजूत घातल्यासारखे म्हणाला, "जाऊ द्या सर. मैदानं पाठ हायेत मले."

हे ऐकताना आम्हांला आमचेच वर्गातले वाक्य आठवायला हवे होते. आठवले ते पुष्कळ नंतर.

पुढे एकाला अमरावतीत कायम जागा मिळाली, दुसऱ्याला अकोल्यात. मुलगा बी. ए. झाला. आता तो मूर्तिजापूरला बी-बियाणे आणि खतांचे दुकान चालवतो. ७ ऑगस्ट २०२१ रोजी पहाटे आमच्यापैकी एकाला त्याचा फोन आला. "सर, टीव्ही लावा. आपली पोरगी गोल्फमंधी मेडलवर हाये." टोकियो ऑलिंपिकचा तो शेवटचा फेरा. अदिती अशोक पदकाच्या टप्प्यात होती. त्या सकाळी देशातल्या हजारो लोकांनी नियम ठाऊक नसलेला खेळ डोळ्यांत प्राण आणून पाहिला. आम्ही दोघांनीही पाहिला, एकाने अमरावतीत, एकाने अकोल्यात, फोन कानाला लावून. मध्येच वादळाने खेळ थांबला. अठराव्या होलवर तिचा चेंडू खळग्यात पडता पडता राहिला आणि ती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकले. संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्यात सुवर्ण मिळवले आणि देश गोल्फ विसरला.

वादळामुळे खेळ थांबलेला असताना तो मुलगा, आता चांगला संसारी माणूस, सहज बोलत होता. यंत्र मुळात त्याचे नव्हतेच. त्याचा थोरला भाऊ पुण्याजवळच्या एका गोल्फ मैदानावर गवत कापण्याच्या कामाला होता. एका सदस्याने आपल्या घरातले जुने यंत्र चकतीसकट त्याला देऊन टाकले होते. दिवसभर ज्या हिरवळीवर यंत्र फिरवायचे, पण काठी धरायची नाही, तो खेळ भाऊ रात्री खोलीवर खेळे. पुढे त्याने यंत्र धाकट्याला दिले. नोंदी दोघांच्या होत्या. भाऊ दर दिवाळीला गावी आला की धाकट्याने आपला आकडा मोडला का ते पाही, आणि मग दोघे रात्रभर बसत.

"मंग पुढच्या दिवायीले दादा आला, तं पाह्यतो काय, सारं पुसेल. म्या सांगतलं का माह्याच हातून झालं. बोलला नाई माह्यासंगं चार दिवस."

आम्ही विचारले, खरे का नाही सांगितलेस? तो म्हणाला, "कसं सांगू, सर? दादा म्हने, सर लोकाईचं आयकत जाय." आणि मग हसून पुढे म्हणाला, की आम्ही खेळलो हे त्याला त्याच दिवशी कळले होते. साठवलेल्या खेळावर तारीख आणि वेळ लिहिलेली असते. ती वेळ रोज मूर्तिजापूर सुटल्यानंतरची होती.

म्हणजे तो उतरण्याची आम्ही वाट पाहत होतो, हेही त्याला कळले होते.

गोल्फच्या इतिहासात एक प्रसंग पुनःपुन्हा सांगितला जातो. १९२५ साली अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स फटका मारण्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू गवतात किंचित हलला. पाहिले कोणीच नव्हते. पंचांनी निर्णय त्याच्यावरच सोडला. त्याने दंडाचा एक फटका स्वतःच्या नावावर लिहून घेतला. स्पर्धेअखेर त्याची बरोबरी झाली आणि निर्णायक फेऱ्यात तो हरला. ज्या खेळात प्रत्येकाच्या मागे पंच फिरू शकत नाही, तिथे खेळाडूच स्वतःचा पंच असतो. पडद्यावरच्या गोल्फमध्ये ही सोय नाही. तिथे चेंडू हलला की नाही हे यंत्र ठरवते, फटके यंत्र मोजते, खेळणाऱ्याला खोटे लिहिताच येत नाही. आम्ही सतरा दिवस अत्यंत प्रामाणिकपणे खेळलो. खोटे बोललो ते खेळाबाहेर.

योहान हुइझिंगाने १९३८ सालच्या 'होमो लुडेन्स'मध्ये लबाडी करणारा आणि डाव मोडणारा यांत फरक केला आहे. लबाड माणूस निदान खेळाचे नियम मानण्याचे सोंग तरी करतो. डाव मोडणारा ते जगच उधळून लावतो, म्हणून भिडू त्याला क्षमा करत नाहीत. आम्ही हे वर्गात शिकवले आहे आणि 'रडीचा डाव' या आपल्या शब्दप्रयोगाशी त्याची तुलनाही केली आहे. दोन भावांनी दिवाळी ते दिवाळी चालवलेला एक डाव आपण मोडला होता, हे आम्हांला तेरा वर्षांनी कळले. त्याचा दंड दुसऱ्या एका मुलाने स्वतःच्या नावावर लिहून घेतला होता. त्याने बॉबी जोन्सचे नाव ऐकलेले नव्हते. आणि त्याच्या वडिलांनी आमच्यापुढे हात जोडले होते.

'लीळाचरित्रा'ची पाठपरंपरा आम्ही आजही शिकवतो, पण 'लिहिलेले नष्ट होते आणि पाठ असलेले टिकते' हे वाक्य आता म्हणत नाही. मैदाने त्या मुलाला पाठ होती, हे खरे. भावाचे आकडे त्याला पाठ नव्हते. ज्याला जे पाठ होते तेवढेच परत उभे राहते, बाकीचे धाडीत जाते. आणि आमच्या प्रसंगातली धाड घालणारे कोण होते, हे आता स्पष्ट आहे.

चूक ज्याच्याबाबतीत झाली त्याच्यापाशी ती सांगावी, असे आमच्यापैकी एकाचे मत होते. इतक्या वर्षांनी कशाला, असे दुसऱ्याचे. या वेळीही कोणाचे कोणते, ते सांगत नाही. त्या दिवाळीत अमरावतीला आम्ही एकत्र बसलो, विद्यार्थ्याकडून भावाचा नंबर घेतला आणि स्पीकर सुरू करून फोन लावला. तो अजून मैदानाच्याच कामावर आहे, आता त्याच्या हाताखाली माणसे आहेत. आम्ही सगळे सांगितले. गाडी, मूर्तिजापूर, चार्जर, 'होय' म्हटलेला प्रश्न. पलीकडे गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज येत होता. तो काही वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले,

"तुमचे किती झाले होते, सर?"

"कशाचे?"

"फटके. माहे पुसून तुमी जे लिवले ते."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. नऊ होलमध्ये पारपेक्षा अकरा जास्त. एवढा एक आकडा आम्हा दोघांनाही पाठ होता, आणि तो आम्ही एकदमच सांगितला.